अंदाजपंचे स्वयंपाकाला मापाचा कप देणारी फॅनी फार्मर

यूट्यूबवर केकचा कुठलाही व्हिडिओ लावा. दीड कप मैदा, पाऊण कप साखर, १ टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ. व्हिडिओतली मुलगी कप भरते, वरून सुरीची पाठ फिरवते, जास्तीचा मैदा खाली पाडते आणि पुढच्या स्टेपला जाते. बघणारेही तेच करतात. वाढदिवस मित्राचा असतो, केक आयुष्यात पहिल्यांदाच होत असतो आणि तरीही तो बऱ्यापैकी फुगतो.

आता घरातल्या आजीला एखादा पदार्थ विचारून बघा. पीठ मावेल तेवढं, गूळ गोडाच्या अंदाजानं, मीठ चवीपुरतं. आजीचं कधी चुकत नाही, कारण तिच्या हाताला पन्नास वर्षांची सवय आहे. पंचाईत होते ती ज्याच्या हाताला सवय नाही त्याची.

कपावरून सुरी फिरवायची ही सवय अमेरिकेतल्या घराघरांत पोचवली ती बॉस्टनच्या एका बाईनं. तिचं नाव फॅनी मेरिट फार्मर. विशेष म्हणजे स्वयंपाक हे तिचं ठरलेलं करिअर नव्हतंच. आजारपणानं तिला घरात बसवलं आणि तिथून ती स्वयंपाकघरात गेली.

कॉलेजला जायचं होतं, पण...

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ चा, बॉस्टनचा. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर छपाईच्या धंद्यात होते. घरात चार मुली, त्यात फॅनी सगळ्यात मोठी. कुटुंब जवळच्याच मेडफर्ड गावात राहायचं. त्या काळात मुलींनी कॉलेजात जाणं ही काही सर्रास गोष्ट नव्हती, पण फार्मर कुटुंबात शिक्षणाला किंमत होती. फॅनी हुशार, तीही कॉलेजला जाणार हे घरात गृहीत धरलेलं होतं.

तर झालं असं की, सोळाव्या वर्षी, हायस्कूलमध्ये असतानाच तिला पक्षाघाताचा झटका आला. तिला चालता येईना. शाळा सुटली, कॉलेजचा विषय संपला. पुढची काही वर्षं ती आईवडिलांच्या घरात पडून होती. हळूहळू ती पुन्हा उभी राहिली, पण पायातला अधूपणा गेला नाही. ती जन्मभर लंगडतच चालली.

त्या काळातल्या मध्यमवर्गीय मुलीपुढे दोनच रस्ते असायचे, लग्न किंवा शिक्षिकेची नोकरी. फॅनीसाठी दोन्ही अवघड होते. घरात बसल्या बसल्या ती स्वयंपाकात लक्ष घालायला लागली. फार्मरांच्या घरात पुढे पैसे देऊन राहणारी माणसं ठेवली जायला लागली आणि त्या घरच्या जेवणाचं नाव झालं. नंतर ती शॉ नावाच्या एका कुटुंबात घरकामात मदत करायला राहिली. तिचा हात आणि तिची आवड बघून शॉ बाईंनीच तिला सुचवलं, की तू बॉस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घाल.

तेव्हा फॅनी तिशीला आली होती.

तिशीत विद्यार्थिनी, काही वर्षांत प्राचार्य

बॉस्टन कुकिंग स्कूल १८७९ मध्ये सुरू झालं होतं. स्वयंपाकाकडे शास्त्र म्हणून बघायचं, बायकांना तो शिस्तीत शिकवायचा आणि त्यातून त्यांना पोटापाण्याचं साधन द्यायचं, असा त्यामागचा विचार. शहरं वाढत होती. मुली शिकायला, नोकरीला घराबाहेर पडत होत्या. आईच्या मागे उभं राहून दहा वर्षं बघत शिकायचं, ही जुनी पद्धत सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. मग शिकवणार कोण? तर शाळा आणि पुस्तक.

फॅनी १८८९ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडली. खरं तर बाहेर पडलीच नाही. शाळेनं तिला सहायक म्हणून ठेवून घेतलं आणि १८९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच ती प्राचार्य झाली. जिचं हायस्कूलचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं, ती आता शहरातली नावाजलेली शाळा चालवत होती.

अक्रोडाएवढं लोणी

फॅनीनं नक्की काय बदललं हे कळायचं असेल, तर आधीच्या रेसिपी कशा होत्या ते बघायला लागेल. अक्रोडाएवढं लोणी. अंड्याएवढं लोणी. एक चहाचा कप पीठ. चिमूटभर सोडा. शिगेचा चमचाभर बेकिंग पावडर. आता अक्रोड कुठला, लहान की मोठा? चहाचा कप कुणाच्या घरचा? चमच्याची शीग किती उंच?

भाजी-आमटीत हे चालून जातं. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, तिखट झाली तर गुळाचा खडा टाकता येतो. बेकिंगमध्ये ही सोय नाही. मिश्रण एकदा ओव्हनमध्ये गेलं की विषय संपला. बेकिंग पावडर ओली झाली, गरम झाली की कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्या बुडबुड्यांवर केक फुगतो. पावडर कमी पडली तर केक दडदडीत होतो. जास्त पडली तर भसकन फुगून मधेच बसतो आणि तोंडाला कडवट चव येते. मैदा जास्त झाला तर केकची वीट होते. आणि हे सगळं कळतं कधी, तर पाहुणे दारात आल्यावर.

त्यात तेव्हाच्या कोळशाच्या आणि लाकडाच्या ओव्हनला तापमान दाखवणारी तबकडीही नव्हती. रेसिपीत मंद, मध्यम किंवा कडक आंच एवढंच लिहिलेलं असायचं. आंच हातात नाही, निदान माप तरी हातात असावं, हा साधा हिशेब होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. माप वापरायची कल्पना फॅनीनं शोधलेली नाही. तिच्या आधी याच शाळेत प्राचार्य असलेल्या मेरी लिंकन यांनी १८८४ मध्ये काढलेल्या पुस्तकातही मापांचा तक्ता होता. फॅनीचं बरंचसं काम त्या शाळेत आधी झालेल्या कामावरच उभं आहे. पण शिगेचा चमचा, गोलसर चमचा हा गोंधळ तिनं पार काढून टाकला आणि एकच नियम केला. माप म्हणजे सपाट माप. अमेरिकेत आजही तिला सपाट मापांची आई म्हणून ओळखतात, ते यामुळे.

प्रकाशकाला खात्री नव्हती

१८९६ मध्ये तिचं ‘द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ आलं. प्रकाशक होते बॉस्टनचे लिटल, ब्राऊन अँड कंपनी. पण या पुस्तकावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पहिली आवृत्ती फक्त ३,००० प्रतींची काढली आणि तिचा खर्चही लेखिकेलाच करायला लावला.

त्या बदल्यात पुस्तकाचे हक्क फॅनीकडेच राहिले. प्रकाशकांनी स्वतःला वाचवायला केलेला हा सौदा तिच्या पथ्यावर पडला. पुस्तक खपत गेलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या आणि पैसा तिच्याकडे येत गेला. एकट्या राहणाऱ्या, पायानं अधू असलेल्या बाईला त्या काळात आयुष्यभर कुणापुढे हात पसरावा लागला नाही, तो या पुस्तकाच्या जोरावर.

पुस्तकात १,८४९ रेसिपी होत्या. पण त्यांच्या आधी येतो तो अन्नाचा धडा. शरीराला काय लागतं, पिष्ट म्हणजे काय, पदार्थ शिजतो तेव्हा काय होतं, असं सगळं. आणि मग मापायचं कसं, याच्या बारीक सूचना. थोडक्यात त्या अशा:

मैदा आधी चाळून घ्यायचा. मग चमच्यानं हलकेच कपात भरायचा. कप हलवायचा नाही, आपटायचा नाही, कारण आपटला की मैदा खाली बसतो आणि कपात जास्त मावतो. वरून सुरीनं सपाट करायचं.

लोण्याचं उलटं. ते कपात दाबून भरायचं, मधे पोकळी राहता कामा नये. मग सपाट करायचं.

अर्धा चमचा हवा असेल तर चमचा भरून सपाट करायचा आणि सुरीनं लांबीच्या रेषेत मधोमध दोन भाग करायचे. पाव चमचा हवा असेल तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग. त्याचेही आणखी दोन केले की एक अष्टमांश. त्याच्याही खाली गेलात तर ते काही कण.

आज स्वयंपाकघरात चार-पाच चमच्यांचा जुडगा टांगलेला असतो, म्हणून हे वाचताना गंमत वाटते. पण ज्या बाईकडे एकच चमचा आणि एक सुरी आहे, तिलाही अचूक मोजता यावं, याची ही तजवीज होती. महागडं सामान घ्या, मगच केक होईल, असं फॅनीनं कुठं सांगितलं नाही.

ओव्हन नाही, अंडं नाही, तरीही ब्रेड

तिच्या पुस्तकातला एक पदार्थ आजच्या घरातही सहज जमण्यासारखा आहे, तो म्हणजे बॉस्टन ब्राऊन ब्रेड. नाव ब्रेड, पण तो भाजत नाहीत, वाफवतात.

राय या धान्याचं पीठ १ कप, मक्याचं भरड पीठ १ कप, कोंड्यासकट गव्हाचं पीठ १ कप. त्यात पाऊण टेबलस्पून सोडा आणि १ टीस्पून मीठ. मग पाऊण कप मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीच्या जवळ जाणारा गडद पाक. आणि २ कप आंबट दूध. हे सगळं कालवून लोणी लावलेल्या डब्यात दोन तृतीयांशापर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा उकळत्या पाण्यात अर्धा बुडेल असा ठेवून साडेतीन तास वाफवायचं.

यात अंडं नाही, यीस्ट नाही, ओव्हनही नाही. आंबट दुधातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो आणि ब्रेड हलका होतो. ताकातल्या इडली-ढोकळ्यात सोडा घालणाऱ्यांना यातलं गणित लगेच कळेल. साचा म्हणून तिनं काय सुचवलं, तर बेकिंग पावडरचे रिकामे झालेले एक पौंडाचे डबे.

ब्राऊनीचा शोध तिनंच लावला का?

सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतं, की ब्राऊनी फॅनी फार्मरनं शोधली. हे अर्धंच खरं आहे.

१८९६ च्या पुस्तकात ब्राऊनी नावाची रेसिपी आहे, पण तिच्यात चॉकलेटच नाही. मोलॅसिस आणि पेकान हे अक्रोडासारखं सुकं फळ घालून छोट्या साच्यांत भाजलेले ते केक होते. चॉकलेटची ब्राऊनी तिच्या पुस्तकात आली ती १९०६ च्या सुधारित आवृत्तीत. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इतर स्थानिक पाककृतींच्या पुस्तकांतही तसे पदार्थ दिसायला लागले होते. त्यामुळे पहिली ब्राऊनी कुणाची, यावर एका माणसाचं नाव लिहिता येत नाही. पण तिच्या पुस्तकाचा खप बघता ती लाखो घरांत पोचली, यात तिचा वाटा मोठा आहे.

मित्रमंडळींसमोर, टेबलावरच स्वयंपाक

१८९८ मध्ये फॅनीनं ‘चेफिंग डिश पॉसिबिलिटीज’ नावाचं पुस्तक काढलं. चेफिंग डिश म्हटलं की आज लग्नातल्या बुफेची मोठी भांडी डोळ्यांसमोर येतात. तेव्हाची ती घरगुती आणि लहान असायची. खाली स्पिरिटचा दिवा, वर धातूचं भांडं, आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर. पाहुणे भोवती बसलेले, गप्पा चालू आणि त्यांच्यासमोर चीजचं, अंड्याचं, कालवांचं काहीतरी गरमागरम शिजतंय.

यात मोठी सोय होती. यजमानीण स्वयंपाकघरात घाम गाळत एकटी अडकून पडत नव्हती, ती मैत्रिणींमध्ये बसलेली असायची. कॉलेजच्या हॉस्टेलांतल्या मुलींमध्ये तर अशा छोट्या शेगडीवर रात्री फज करायचं वेडच आलं होतं. ज्यांच्याकडे ना नोकर, ना पूर्ण स्वयंपाकघर, अशांनाही चार माणसांना बोलावून खाऊ घालता यावं, हा फॅनीच्या पुस्तकांचा एक धागाच होता. पुढे १९०५ मध्ये रोजच्या जेवणात काय करायचं यावर आणि १९११ मध्ये खास प्रसंगांच्या मेनूवर तिनं वेगळी पुस्तकं लिहिली. बहीण कोरा हिच्यासोबत ती ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात दहा वर्षं पाककृतींचं पान चालवत होती.

आजाऱ्याचं ताट

१९०२ मध्ये तिनं जुनी शाळा सोडली आणि स्वतःची काढली, मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी. इथं भर होता साध्या गृहिणींवर आणि नर्सेसवर. तिची व्याख्यानं इतकी गर्दी खेचायची, की बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ती छापून यायची.

पण तिला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं ते वेगळंच काम. १९०४ मध्ये तिनं आजारी आणि आजारातून उठणाऱ्या माणसांच्या आहारावर एक पुस्तक लिहिलं. सोळाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेली मुलगी या विषयाकडे वळली, यात आश्चर्य काहीच नाही. भूक मेलेल्या माणसापुढे ताट कसं यावं, किती यावं, ते दिसायला कसं असावं, याचा विचार तिनं बारकाईनं केला होता. ती नर्सेसना शिकवायची आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्येही तिनं या विषयावर व्याख्यानं दिली.

या पुस्तकात तीसेक पानं फक्त मधुमेहावर होती. आज हे साधं वाटेल, पण इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये. त्याआधी मधुमेह झालेल्या माणसाकडे औषध म्हणून जवळपास फक्त ताटच होतं. किती पीठ, किती साखर, हा प्रश्न तिथं केकच्या फुगण्याचा नव्हता, जगण्याचा होता. केकसाठी घालून दिलेली मापाची शिस्त इथं रुग्णाच्या कामी येत होती.

शेवटची सात वर्षं

पुढे तिच्या पायांनी पुन्हा साथ सोडली. आयुष्याची शेवटची सुमारे सात वर्षं ती व्हीलचेअरवर होती. पण शाळा बंद झाली नाही. ती व्हीलचेअरवर बसून शिकवायची, व्याख्यानं द्यायची, नवीन पदार्थ बसवायची. १९१२ मध्ये तिचं आणखी एक जाडजूड पुस्तक आलं.

१५ जानेवारी १९१५ ला बॉस्टनमध्ये तिचं निधन झालं. वय ५७. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधीपर्यंत ती व्याख्यान देत होती.

गंमत म्हणजे, चार वर्षांनी अमेरिकेत तिच्या नावाची चॉकलेटची दुकानं निघाली. फॅनी फार्मर कँडीज. लाखो लोकांना तिचं नाव माहिती झालं ते या मिठाईमुळे. पण या कंपनीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तिच्या नावाला इतका भाव होता, की ते वापरून मिठाई विकता येत होती, एवढाच त्याचा अर्थ. तिचं मूळ पुस्तक मात्र तिच्या मागेही सुधारून छापलं जात राहिलं आणि पुढे ते ‘फॅनी फार्मर कुकबुक’ याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

कप बरोबर की वजनकाटा?

आज अनेक बेकर सांगतात, की कप विसरा, ग्रॅममध्ये मोजा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फॅनीच्या तक्त्यात ४ कप मैदा म्हणजे १ पौंड, म्हणजे चाळून हलकेच भरलेला एक कप साधारण ११३ ग्रॅम होतो. तोच कप सरळ डब्यात खुपसून दाबून भरला तर सहज १४० ग्रॅमच्या वर जातो. रेसिपी तंतोतंत पाळूनही केक घट्ट झाला, तर निम्म्या वेळा गडबड इथंच असते. शिवाय अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा धरतात, आणि घरातला चहाचा कप कितीही मिलीचा असू शकतो.

म्हणून वजनकाटा असेल तर उत्तमच. नसेल तर फॅनीची पद्धत आजही कामाची आहे. मैदा चाळा, चमच्यानं भरा, आपटू नका, सुरी फिरवा. आणि एका केकसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कप वापरा, म्हणजे निदान प्रमाण तरी बिघडणार नाही.

तिच्यावर टीकाही झाली आहे. मापाच्या नादात हाताची चव गेली, सगळ्यांचं जेवण एकसारखं झालं, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य नाही असं नाही. आजीच्या हाताला जे कळतं, ते कपात मावत नाही. पण आजीचा हात प्रत्येकाच्या घरी नसतो. हॉस्टेलमध्ये राहणारी मुलगी, परगावी नोकरीला गेलेला मुलगा, आई लवकर गेलेलं घर, यांना अंदाज शिकवायला कुणी नसतं. त्यांच्या हातात एक पुस्तक आणि एक कप असला, तरी संध्याकाळी चार मित्रांना बोलावून गरम केक समोर ठेवता येतो. फॅनी फार्मरचं सगळं काम अशा माणसांसाठी होतं.